उंदराचे नऊ दिवस, माणसाचं एक वर्ष?

‘दोन वर्षांचा उंदीर म्हणजे ऐंशी वर्षांचा माणूस.’ औषधांच्या बातम्यांत, आरोग्याच्या लेखांत हे वाक्य हमखास भेटतं. त्यामागचा हिशेब अगदी सरळ आहे. प्रयोगशाळेतला उंदीर सरासरी दोन वर्षं जगतो असं धरायचं, माणूस ऐंशी. भागाकार येतो चाळीस. म्हणजे उंदराच्या एका दिवसात माणसाचे चाळीस दिवस जातात आणि माणसाचं एक वर्ष उंदराच्या नऊ दिवसांत संपतं. या भागाकारात आकडेमोड चुकलेली नाही. पण तो आयुष्याची फक्त दोन टोकं पाहतो, जन्म आणि मृत्यू. मधलं सगळं त्याने एकाच वेगाने जातं असं गृहीत धरलेलं असतं आणि तिथेच तो फसतो.

हा हिशेब सहा आठवड्यांच्या उंदरावर लावून बघा. बेचाळीस दिवस भागिले नऊ, म्हणजे साडेचार-पावणेपाच वर्षं. माणसाचं पोर या वयात बालवाडीत असतं. सहा आठवड्यांची उंदराची मादी मात्र गाभण राहू शकते आणि एकोणीस ते एकवीस दिवसांत पाच-सात पिल्लांची आई होऊ शकते. तिच्याशी तुलना करायची तर बारा-तेरा वर्षांच्या मुलीशी करावी लागेल. बालपणाच्या या टप्प्यात माणसाचं एक वर्ष उंदराच्या नऊ नव्हे, साडेतीन दिवसांतच उरकलेलं असतं.

इथे उंदीर म्हणजे घरातला छोटा उंदीर, शास्त्रीय नावाने मुस मस्क्युलस. पंचवीस-तीस ग्रॅमचा. रॅट म्हणतात तो वेगळा प्राणी, याच्या दहापट वजनाचा आणि त्याचं वयाचं वेळापत्रकही निराळं. इथले आकडे त्याला लावू नयेत.

सुरुवातीचे तीन आठवडे तर दिवसागणिक वाचता येतात. जन्मलेलं पिल्लू सव्वा ग्रॅमच्या आसपास, गुलाबी, बिनकेसांचं, डोळे आणि कान बंद. पोटात दूध गेलं की पातळ कातडीतून पांढरा डाग दिसतो. तो दिसला नाही तर आई पाजत नाही असं समजायचं. चौथ्या दिवसाच्या आसपास कानांच्या पाळ्या डोक्यापासून सुटतात, आठवडा संपेपर्यंत अंगावर लव येते, दहाव्या-अकराव्या दिवशी पुढचे दात हिरडीतून वर येतात, बाराव्या ते चौदाव्या दिवशी डोळे उघडतात. सतराव्या दिवसापासून पिल्लू कोरडं खाणं कुरतडू लागतं आणि एकविसाव्या दिवशी आईपासून वेगळं करता येतं. या काळात वय ओळखायला कुणाच्या नोंदवहीची गरज पडत नाही, पिल्लू हातात घेतलं की एक-दोन दिवसांच्या फरकाने सांगता येतं. पुढे मात्र हे कठीण होत जातं. दुकानातून आणलेला मोठा पांढरा उंदीर चार महिन्यांचा की दहा महिन्यांचा, हे केवळ पाहून खात्रीने सांगता येत नाही.

आणि या तीन आठवड्यांतही शरीराचे सगळे भाग एका चालीने वाढत नाहीत. जन्मलेल्या पिल्लाचा मेंदू माणसाच्या गर्भाच्या मधल्या महिन्यांतल्या मेंदूइतकाच तयार असतो. माणसाचं पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना जिथे असतं, तिथे उंदराचा मेंदू सातव्या ते दहाव्या दिवशी पोचतो. म्हणून जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळांच्या मेंदूचा अभ्यास करायचा तर त्याच दिवसांतली पिल्लं घेतात, पहिल्या दिवसाची नाही. पहिल्या दिवसाचं पिल्लू मेंदूच्या दृष्टीने अजून जन्मलेलंच नाही, दूध पिण्याच्या दृष्टीने मात्र जन्मलेलं आहे. वय एकाच आकड्यात बसवायचा हट्ट इथेच, पहिल्याच आठवड्यात, मोडतो.

सुलग्ना दत्ता आणि पल्लव सेनगुप्ता यांनी २०१६ साली ‘लाइफ सायन्सेस’ या नियतकालिकात हाच मुद्दा आकड्यांनी मांडला होता: दूध सुटणं, वयात येणं, प्रौढ होणं, प्रजनन थांबणं अशा प्रत्येक टप्प्याचा भागाकार वेगळा करा. त्याआधीपासून प्रयोगशाळांमध्ये सगळ्यात जास्त वापरला जातो तो अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर इथे असलेल्या जॅक्सन लॅबोरेटरीचा तक्ता. त्यांच्या हिशेबात तीन ते सहा महिन्यांचा उंदीर म्हणजे वीस ते तीस वर्षांचा माणूस, दहा ते चौदा महिने म्हणजे अडतीस ते सत्तेचाळीस, अठरा ते चोवीस महिने म्हणजे छप्पन्न ते एकोणसत्तर. यातून वेग काढला की चित्र स्पष्ट होतं. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान माणसाच्या एका वर्षाला उंदराचे नऊ दिवस लागतात, सरासरीच्या हिशेबाशी तंतोतंत जुळणारे. पण दहाव्या महिन्यानंतर तेच वर्ष तेरा-चौदा दिवसांचं होतं. म्हणजे उंदीर आधी धावत सुटतो आणि मग चाल मंदावते. दोन वर्षांचा उंदीर या तक्त्यात ऐंशीचा नसतो, सत्तरीच्या उंबरठ्यावर असतो. अकरा वर्षांचा फरक लहान नाही. माणसांत या दोन वयांच्या मध्ये किती आजार येतात हे घरात ज्येष्ठ मंडळी असणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

हा तक्ता भिंतीवर चिकटवण्याआधी तो कोणत्या उंदराचा आहे हे वाचायला हवं, आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुका इथेच होतात. तो सी५७बीएल/६ नावाच्या काळ्या उंदरांचा आहे. प्रयोगशाळेतले लोक त्याला नुसतं ‘ब्लॅक सिक्स’ म्हणतात. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावात ॲबी लॅथ्रॉप नावाच्या बाई हौशी लोकांसाठी आणि पुढे संशोधकांसाठी उंदीर पाळत. त्यांच्याकडून आलेल्या उंदरांमधल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून क्लॅरन्स लिटल यांनी १९२१ साली हा वंश सुरू केला. भावंडांचं भावंडांशी प्रजनन पिढ्यान्‌पिढ्या करत गेल्यावर त्यातला प्रत्येक उंदीर दुसऱ्याची जवळजवळ जनुकीय प्रत झाला. लिटल यांनीच पुढे १९२९ मध्ये जॅक्सन लॅबोरेटरी उभी केली. नीट सांभाळला तर ब्लॅक सिक्स अडीच वर्षांच्या आसपास जगतो, म्हणजे ‘दोन वर्षांचं आयुष्य’ हे मूळ गृहीतकच त्याला लागू पडत नाही.

दुसऱ्या वंशांचं आयुष्य वेगळं असतं. एकेआर वंशाच्या उंदरांना छातीतल्या थायमस ग्रंथीत सुरू होणारा रक्ताचा कर्करोग होतो आणि बरेचसे वर्षाच्या आसपास मरतात. दहा महिन्यांच्या एकेआर उंदराला तक्ता पाहून ‘अडतीस वर्षांचा’ म्हणणं निरर्थक आहे. जपानमध्ये क्योटो इथे तयार झालेला एसएएमपी८ वंश तर लवकर म्हातारा होतो म्हणूनच निवडून वाढवलेला आहे. आणि शेतातला, धान्याच्या कोठारातला जंगली उंदीर? त्याला म्हातारपण क्वचितच लाभतं. मांजर, घुबड, साप, थंडी आणि उपासमार यांच्यामुळे बहुतेकांचं आयुष्य वर्षाच्या आतच संपतं. म्हातारा उंदीर ही जवळजवळ पिंजऱ्यातच घडणारी गोष्ट आहे.

एकाच उंदराच्या शरीरातही अवयव आपापल्या चालीने म्हातारे होतात. ब्लॅक सिक्सच्या जॅक्सन शाखेत ऐकण्याशी संबंधित एका जनुकात दोष आहे. तीन ते सहा महिन्यांतच त्याला वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू यायला लागतात, वर्ष उलटल्यावर बहिरेपण बरंच वाढतं. तक्त्याप्रमाणे तो चाळिशीचा, पण त्याचा कान मात्र म्हाताऱ्याचा. आता याच उंदरावर आवाज ऐकवून सौम्य झटका द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी नुसत्या आवाजाने तो थिजतो का हे पाहायचं, अशी स्मरणशक्तीची चाचणी घेतली तर काय होईल? तो थिजणार नाही आणि अहवालात ‘वयानुसार स्मृतिऱ्हास’ असं लिहिलं जाईल. खरं तर त्याला आवाजच आला नव्हता. सी३एच वंशाच्या उंदरांच्या दृष्टिपटलातल्या प्रकाशपेशी दूध सुटतानाच नष्ट झालेल्या असतात, त्यांना पाण्याच्या टाकीत पोहताना आजूबाजूच्या खुणा बघून पाय टेकायचा चौथरा शोधायला लावणं म्हणजे आंधळ्याची दृष्टीवर परीक्षा. डीबीए/२जे वंशाला आठ-दहा महिन्यांत काचबिंदू होतो. वृद्धत्वावरचा कोणताही निबंध वाचताना मी तरी आधी वंश बघते, वय नंतर.

मादीच्या बीजकोषाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, कारण तिथे आकडे छान जुळतात आणि म्हणूनच फसवतात. तरुण मादीचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं असतं. सात-आठ महिन्यांनंतर पिल्लांची संख्या घटते, म्हणून प्रजननासाठी ठेवलेल्या माद्या त्या सुमारास निवृत्त करतात. अकरा ते सोळा महिन्यांच्या दरम्यान चक्रं अनियमित होत थांबतात. तक्त्यात तेरा महिने म्हणजे साधारण पंचेचाळीस वर्षं, आणि भारतातल्या स्त्रियांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. यापेक्षा चांगला मेळ कोणता? पण आत घडतं ते वेगळं. स्त्रीच्या बीजकोषातली बीजं संपत येतात आणि इस्ट्रोजेन घसरतं. उंदरीच्या बाबतीत मेंदूतून बीजकोषाला जाणारे संकेतही बिघडलेले असतात, काही बीजं शिल्लक असतात आणि चक्र थांबल्यावर कितीतरी काळ इस्ट्रोजेन टिकून राहतं. त्यामुळे रजोनिवृत्तीनंतरच्या हाडांच्या झिजेचा अभ्यास करायचा तर नुसती पंधरा महिन्यांची मादी घेऊन चालत नाही, बीजकोष शस्त्रक्रियेने काढावे लागतात.

गुणसूत्रांच्या टोकांना असणाऱ्या टेलोमिअरबद्दलही असंच. पेशी विभागताना ते आखूड होतात आणि माणसात हे म्हातारपणाचं एक माप मानतात. प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमिअर माणसापेक्षा कितीतरी लांब असतात आणि ते दुरुस्त करणारं टेलोमरेज विकर त्याच्या बऱ्याच ऊतींत सुरू राहतं. दोन-अडीच वर्षांत ते संपण्याची वेळच येत नाही. उंदराचं म्हातारपण या घड्याळावर चालतच नाही. त्याला आपणहून अल्झायमरच्या गाठी होत नाहीत, त्याच्या धमन्यांत सहसा चरबीचे थर साचत नाहीत. म्हातारा ब्लॅक सिक्स बहुतेक वेळा लसिका ग्रंथींच्या कर्करोगाने जातो, म्हातारा माणूस अधिककरून हृदयाने. दोघांना ‘सत्तरीचे’ म्हणताना हा फरक नजरेआड होतो.

मग तुलनेला काही अर्थच नाही का? आहे, आणि तो मला सर्वांत पटतो तो मृत्युदराच्या हिशेबात. बेंजामिन गोम्पर्ट्झ या इंग्रज विमागणितज्ञाने १८२५ साली दाखवलं की प्रौढ वयात मृत्यूची शक्यता ठरावीक काळाने दुप्पट होत जाते. माणसात हा काळ आठ वर्षांच्या आसपास आहे, प्रयोगशाळेतल्या उंदरात तीन-साडेतीन महिने. या मापाने माणसाचं एक वर्ष उंदराच्या अकरा-तेरा दिवसांएवढं. इथे कोणत्या अवयवाचं काय झालं याची पर्वा नाही, शरीर एकूण किती वेगाने ढासळतं तेवढंच मोजलेलं आहे. म्हणून हा आकडा तक्त्यातल्या प्रौढ वयाच्या आकड्याजवळ येतो, यात मला नवल वाटत नाही. छोट्या प्राण्याचं हृदय जोरात धडधडतं म्हणून तो लवकर संपतो, हे जुनं स्पष्टीकरण मात्र पुरं पडत नाही. सात ग्रॅमचं एक वटवाघूळ सैबेरियात एक्केचाळीस वर्षांनी पुन्हा पकडलं गेलं होतं, आणि उंदराएवढाच असणारा आफ्रिकेतला केसविरहित मोल-रॅट तीस वर्षांहून जास्त जगतो.

प्रयोग आखणाऱ्यांकडून होणारी सगळ्यात साधी आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे तरुण गटासाठी आठ आठवड्यांचे उंदीर घेणं. ते सहज मिळतात, स्वस्त पडतात, पिंजरेही कमी अडतात. पण आठ आठवड्यांत उंदीर प्रजननक्षम असला तरी त्याची वाढ चालू असते. हाडांचा जास्तीत जास्त भरणा चार ते सहा महिन्यांत होतो, रोगप्रतिकारक पेशींचं प्रमाणही बदलत असतं. आठ आठवडे आणि वीस महिने या दोन गटांत फरक दिसला, तर त्यातला वाढीचा भाग किती आणि म्हातारपणाचा किती हे सांगताच येत नाही. तरुण गट किमान तीन महिन्यांचा, शक्य असेल तर चार ते सहा महिन्यांचा हवा. मधला दहा-चौदा महिन्यांचा गटही हवाच. तो असला की बदल हळूहळू होत आला की शेवटी एकदम कोसळला हे कळतं. वरची मर्यादा चोवीस महिन्यांची ठेवावी. त्यापुढे गट विरळ होत जातो आणि उरतात ते मुळातच चिवट उंदीर. त्यांना मोजून ‘म्हातारपणी काही बिघडत नाही’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे परीक्षेला बसलेल्या सगळ्यांचे सोडून फक्त पास झालेल्यांचे सरासरी गुण काढणं.

म्हणून गट घेताना सुरुवातीलाच जास्त उंदीर धरावे लागतात. नर एकत्र ठेवायचे तर दूध सुटल्यापासून एकत्र, मध्येच नवा आणून टाकायचा नाही, नाहीतर भांडणात पाठ आणि शेपटीचा बुडखा फाडून घेतात. ब्लॅक सिक्सना मानेमागे खाज येऊन जखमा चिघळण्याची प्रवृत्ती असते. मागच्या पायांची नखं वेळच्या वेळी कापली तर पुष्कळ उंदीर वाचतात, हे काम कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नये. खोलीचं तापमान बहुतेक ठिकाणी वीस ते चोवीस अंश ठेवतात, कारण ते माणसांना बरं वाटतं. उंदराला मात्र तीस अंशांच्या आसपास बरं वाटतं. तरुण उंदीर जास्त खाऊन ती थंडी भागवतो, म्हाताऱ्याला ते जमत नाही. त्याला पिंजऱ्यात आठ-दहा ग्रॅम तरी घरटं करायचा कागद द्यावा. पाण्याच्या बाटलीची नळी खाली घ्यावी आणि ओलं, मऊ खाणं जमिनीवर ठेवावं. कुबड आलेल्या, पाय अडखळणाऱ्या उंदराला जाळीपर्यंत उभं राहणं जड जातं. पुष्कळदा ‘वयामुळे वजन घटलं’ अशी नोंद होते, तिथे त्याला नळीपर्यंत पोचता आलेलं नसतं. दातही पाहावेत. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, वरखाली नीट घासले नाहीत तर वाकडे होऊन खाणं बंद पडतं.

जन्मतारखेपेक्षा खरं म्हातारपण मोजायचं असेल तर कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या सुसान हाऊलेट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेली पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. तिला सुई लागत नाही, रक्त लागत नाही. एकतीस गोष्टी पाहायच्या: केस गळणं, रंग उडणं, मिशा जाणं, पाठीचा बाक, शेपटीचा ताठरपणा, चाल, कंप, पकड, मोतीबिंदू, ऐकू येणं, दातांची ठेवण, श्वास, गाठी वगैरे. प्रत्येकाला नाही तर शून्य, थोडं असेल तर अर्धा, पूर्ण असेल तर एक. वजन आणि शरीराचं तापमान तरुण गटाच्या सरासरीपासून किती दूर आहे त्यावर गुण द्यायचे. बेरजेला एकतीसने भागायचं. बेरीज ६.२ आली तर निर्देशांक ०.२. उंदीर आधी खोलीत स्थिरावू द्यायचे, रोज एकाच वेळी आणि शक्यतो एकाच माणसाने गुण द्यायचे, कारण एकाला जे ‘थोडं’ वाटतं ते दुसऱ्याला ‘पूर्ण’ वाटतं. एकाच दिवशी जन्मलेल्या, एकाच पिंजऱ्यातल्या दोन भावांचे निर्देशांक वेगळे येतात. जनुकं तीच, खाणं तेच, तारीख तीच. वय नावाची गोष्ट जन्मतारखेत मावत नाही हे इथे समोर दिसतं.

आता बातम्यांकडे. २००९ साली रॅपामायसिन हे औषध दिलेले उंदीर जास्त जगल्याचं ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. जॅक्सन लॅबोरेटरी, मिशिगन विद्यापीठ आणि सॅन अँटोनिओचं टेक्सास विद्यापीठाचं आरोग्यकेंद्र, अशा तीन ठिकाणी एकच प्रयोग एकाच वेळी केला होता. औषध खाण्यात मिसळल्यावर टिकत नव्हतं. ते आतड्यापर्यंत पोचावं म्हणून त्यावर आवरण चढवण्यात वेळ गेला आणि तोवर उंदीर सहाशे दिवसांचे, म्हणजे माणसाच्या साठीच्या आसपासचे झाले. तरी औषध सुरू केलं. नव्वद टक्के उंदीर मरेपर्यंतचा काळ नरांत ९ आणि माद्यांत १४ टक्क्यांनी वाढला. साठीत सुरू करूनही उपयोग होतो, हे त्या अडचणीमुळेच कळलं.

पण या १४ टक्क्यांना ऐंशीने गुणून ‘माणसाला अकरा वर्षं जास्त’ असं लिहिणं चूक आहे. हे उंदीर मुख्यतः कर्करोगाने मरतात आणि रॅपामायसिन गाठींची वाढ रोखतं. ते प्रतिकारशक्तीही दाबतं. रोगजंतूंपासून जपलेल्या पिंजऱ्यात त्याची किंमत फारशी मोजावी लागत नाही, लोकलने रोज प्रवास करणाऱ्याला मोजावी लागू शकते. याच तीन ठिकाणी मधुमेहाच्या अकार्बोज या औषधाने नरांचं मध्यम आयुष्य, म्हणजे निम्मे उंदीर मरेपर्यंतचा काळ, २२ टक्क्यांनी वाढलं, माद्यांचं फक्त ५. वयाच्या नेहमीच्या तक्त्यांत नर आणि मादीसाठी वेगळा रकाना नसतो. आणि या तीन ठिकाणांचे उंदीर एकाच संकराचे, एकाच सूत्राने बनवलेलं खाणं खाणारे असूनही मिशिगनमधले औषध न दिलेले नर बाकी दोन ठिकाणच्या नरांपेक्षा वजनाने हलके राहतात आणि जास्त दिवस जगतात.